‘मोफत’ तपासणीचे पैसे कशाला?

प्रश्न : इंदूरच्या राजेंद्र नगरमध्ये पत्नीच्या नावावर नमकीनचा छोटा कारखाना आहे. मोफत तपासणी करून देतो म्हणत एकाने उद्यम नोंदणीचे पैसे मागितले. द्यावेत का?

उत्तर : मुळीच देऊ नका. उद्यम नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. मालक म्हणून वहिनींचंच नाव घाला. तपासणीचं म्हणाल तर, केंद्राच्या झेड (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट) या गुणवत्ता प्रमाणपत्राच्या योजनेत सूक्ष्म उद्योगांना प्रमाणपत्राच्या शुल्कात ८० टक्के सवलत आहे, महिलांच्या उद्योगांना तर १०० टक्के. ‘ब्रॉन्झ’ पातळीपासून सुरुवात करा. त्यात स्वच्छता, सुरक्षितता, वेळेवर पुरवठा, गुणवत्ता पाहतात. आजपासूनच एक वही ठेवा : कढईतलं तेल कधी बदललं, कोणत्या बॅचची पाकिटं परत आली, का आली. मला ही वही प्रमाणपत्राहूनही मोलाची वाटते. अडलं तर पोलोग्राउंडच्या एमएसएमई कार्यालयात थेट जा, मध्यस्थ नको.