फलकावर न दिसणारे गुण

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण ही लोहमार्गाने जोडलेली गजबजलेली शहरे होत. येथे घराला घर लागलेले असून मोकळी जागा थोडी आहे. अशा ठिकाणी व्हॉलीबॉलसारखा खेळ फार सोयीचा ठरतो. अठरा मीटर लांब व नऊ मीटर रुंद क्रीडांगण, एक जाळे आणि एक चेंडू एवढ्यावर बारा जणांचा खेळ रंगतो.

या खेळाचा जन्म १८९५ साली अमेरिकेतील होल्योक या गावी झाला. तेथील व्यायामशिक्षक विल्यम मॉर्गन यांना असे दिसून आले, की बास्केटबॉलमधील धावपळ प्रौढ माणसांना झेपत नाही. म्हणून त्यांनी टेनिसचे जाळे माणसाच्या डोक्याहून उंच बांधले आणि चेंडू हातांनी त्यावरून टोलवण्याचा खेळ योजला. पुढे हा खेळ जगभर पसरला. भारतात १९५१ साली त्याची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत भारतीय संघाने रौप्यपदक पटकावले.

डोंबिवलीतील एका शाळेचा संघ एकदा ठाण्यास सामना खेळण्यासाठी गेला होता. संघाबरोबर सहावीतील एक मुलगाही गेला. कारण त्याचा थोरला भाऊ संघात होता. मुलाने एक वही बरोबर घेतली होती. ज्याच्या फटक्याने गुण मिळेल, त्याच्या नावापुढे तो एक खूण करी. तीन डावांच्या त्या सामन्यात दोन डाव संपले, तेव्हा दोन्ही संघांनी एकेक डाव जिंकला होता. संघातील सर्वांत उंच खेळाडूच्या नावापुढे अकरा खुणा झाल्या होत्या. दादाच्या नावापुढे एकही नव्हती.

शेजारी बसलेला प्रतिपक्षाकडील एक मुलगा वहीत डोकावून म्हणाला, “तुझ्या दादाला चेंडू मारता येत नाही वाटते! सारखा दुसऱ्याला देऊन मोकळा होतो.”

मुलाचा चेहरा उतरला. त्याने वही मिटली. मागे बसलेल्या वृद्ध गुरुजींनी हे पाहिले. त्यांनी सहा खडे वेचले व धुळीत तीन-तीनांच्या दोन रांगा मांडल्या.

“ही समोरची रेघ म्हणजे जाळे,” ते म्हणाले. “मागे उजव्या कोपऱ्यात पहिले स्थान, सर्व्हिस तेथील खेळाडू करतो. त्याच्या पुढे जाळ्याजवळ दुसरे, मध्ये तिसरे, डावीकडे चौथे. मग मागच्या रांगेत डावीकडे पाचवे आणि मध्ये सहावे. प्रतिपक्षाची सर्व्हिस मोडून ती आपल्याकडे आली, की प्रत्येकाने घड्याळाच्या काट्यांप्रमाणे एक घर पुढे सरकायचे.”

“म्हणजे उंच खेळाडूला सदैव जाळ्याजवळ ठेवता येत नाही?”

“नाही. सर्व्हिस झाल्यावर खेळाडू आपापसांत जागा बदलू शकतात. परंतु ज्याची पाळी मागच्या रांगेत आहे, त्याने जाळ्यापासूनच्या तीन मीटरांच्या पट्ट्यात येऊन जाळ्याहून उंच असलेला चेंडू पलीकडे मारायचा नाही. मान आणि कष्ट, दोन्ही फिरते असतात.”

“आणि तो निराळ्या रंगाचा सदरा घातलेला कोण?”

“तो लिबरो. त्याने मागच्या रांगेतच खेळायचे. त्याला जाळ्याजवळ प्रतिपक्षाचा चेंडू अडवता येत नाही. पडू पाहणारा चेंडू उचलणे हेच त्याचे व्रत. ही योजना १९९८ साली आंतरराष्ट्रीय खेळात आली. पण चेंडू उचलण्याची विद्या त्याहून जुनी आहे. १९६४ साली टोकियो येथे ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम खेळला गेला. तेव्हा जपानच्या महिलांनी सुवर्णपदक जिंकले. त्यांतील बहुतेकजणी एका कापडगिरणीच्या संघातील होत्या. चेंडूसाठी झेपावायचे, जमिनीवर लोळण घ्यायची आणि त्याच लोळणीत पुन्हा उभे राहायचे, असा त्यांचा सराव होता.”

मुलाने हळूच विचारले, “मग दादा काय करतो?”

“दादा सेटर आहे. चेंडू पलीकडे धाडण्यापूर्वी संघाला त्याला तीनदा स्पर्श करता येतो. पहिल्याने उचलायचा, दुसऱ्याने उंच ठेवून द्यायचा, तिसऱ्याने मारायचा. दुसरा स्पर्श बहुधा सेटरचा. चेंडू हातात धरणे हा दोष. म्हणून निमिषमात्रात त्याला ठरवावे लागते, की कोणाला द्यावा. पलीकडे दोघे-तिघे हात उंचावून भिंत उभी करण्यास टपलेले असतात. सेटरचा बेत त्यांना कळला, तर भिंत तयार! म्हणून तो पाहतो एकीकडे आणि देतो दुसरीकडे. तुझ्या वहीतील अकरा फटक्यांच्या वेळी समोर भिंत किती वेळा होती, हे पाहिलेस का?”

मुलाने ते पाहिले नव्हते. त्याने वही उघडली व दुसरे घर आखले.

शेवटचा डाव पंधरा गुणांचा होता. मुलगा आता चेंडूमागे डोळे न धावडवता दादाच्या हातांकडे पाहू लागला. उंच खेळाडू धावत आला, की प्रतिपक्षाचे दोन खेळाडू त्याच्यासमोर उडी घेत. आणि नेमका तेव्हाच चेंडू मधल्या खेळाडूकडे गेलेला असे. बारा-तेरा अशी स्थिती असताना दादाने डावीकडे तोंड केले. सारी भिंत तिकडे धावली. दादाने पाठीमागून चेंडू दुसऱ्या स्थानाकडे दिला. तेथे एकटा खेळाडू मोकळा होता. तेरा-तेरा!

प्रेक्षकांनी फटका मारणाऱ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मुलाने आपली खूण दुसऱ्या घरात केली.

तथापि पुढचा गुण प्रतिपक्षास मिळाला. त्यानंतर उंच खेळाडूचा एक जोरदार फटका रेषेबाहेर वीतभर अंतरावर पडला आणि सामना संपला. तो खेळाडू मान खाली घालून उभा राहिला. सर्वांत आधी दादा त्याच्याजवळ गेला व त्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

परतीच्या लोकलमध्ये कळवा, मुंब्रा ही स्थानके मागे पडली, तरी कोणी फारसे बोलत नव्हते. मुलाने दादापुढे वही धरली. “दादा, या घरात तुझ्या नऊ खुणा आहेत. नऊ वेळा तू भिंत चुकवलीस.”

दादाने वही चाळली. “त्या नऊ वेळा पहिला चेंडू कोणी उचलला, ते लिहिलेस का? तो माझ्या डोक्यावर नीट आला, म्हणून मला देता आला.”

मुलाने खिशातून पेन्सिल काढली आणि गाडी डोंबिवलीस पोहोचण्यापूर्वी वहीत तिसरे घर आखले.

शब्दार्थ : प्रतिपक्ष – समोरचा संघ. निमिषमात्रात – क्षणभरात. व्रत – नेमाने करावयाचे काम. वीत – पसरलेल्या हाताच्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचे अंतर.

स्वाध्याय
१. मुलाने वही का मिटली?
२. ‘मान आणि कष्ट, दोन्ही फिरते असतात’ असे गुरुजी का म्हणाले?
३. सहा स्थानांची आकृती काढून सर्व्हिस करणाऱ्याची जागा दाखवा.
४. ‘गुण’ या शब्दाचे दोन अर्थ सांगा. पाठाच्या नावात कोणता अर्थ योग्य वाटतो?
५. तुमच्या शाळेतील एखाद्या कामात पहिला, दुसरा व तिसरा स्पर्श कोणाचा असतो, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.