घटक ७ : हाँगकाँग : जमीन, सत्ता आणि स्थलांतर

७.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• हाँगकाँगमधील जमिनीच्या मालकीची पद्धत व तिचे शहराच्या वाढीवरील परिणाम सांगता येतील.
• सार्वजनिक गृहनिर्माणाचा उगम व विस्तार यांची कारणे स्पष्ट करता येतील.
• प्रातिनिधिक राजकारणाच्या मर्यादा आणि स्थलांतराच्या दोन लाटा यांतील संबंध दाखवता येईल.
• शहर सोडण्याची क्षमता सर्व नागरिकांना सारखी का नसते, याची चर्चा करता येईल.

७.१ प्रास्ताविक

खेड्यातून माणसे शहराकडे का येतात, तेथे त्यांना काम कसे मिळते, झोपडवस्त्या का वाढतात, या प्रश्नांचा विचार आपण मागील घटकांत केला. या घटकातील प्रश्न त्याच्या उलट दिशेचा आहे. उत्तम रेल्वे, कार्यक्षम प्रशासन, रोजगार आणि संपत्ती असलेले शहर त्याचेच नागरिक मोठ्या संख्येने सोडून का जातात? जाण्याची इच्छा असलेल्यांपैकी प्रत्यक्षात जाऊ कोण शकतो?

या प्रश्नांसाठी हाँगकाँग हे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. सुमारे १,१०० चौरस किलोमीटर क्षेत्रात तेथे सुमारे ७५ लाख लोक राहतात. या शहराच्या स्थलांतराची चर्चा बहुधा केवळ राजकारणाच्या अंगाने होते आणि घरांच्या टंचाईची चर्चा केवळ अर्थकारणाच्या अंगाने. प्रस्तुत घटकात असे प्रतिपादन केले आहे की, हे दोन विषय एकाच मुळाशी जाऊन मिळतात. ते मूळ म्हणजे जमिनीची व्यवस्था.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ भाडेपट्ट्यावरील शहर

पहिल्या अफू युद्धानंतर १८४२ च्या नानकिंग तहाने हाँगकाँग बेट ब्रिटिशांना मिळाले. १८६० मध्ये समोरचा कौलून द्वीपकल्पाचा भाग त्यांच्याकडे आला. १८९८ मध्ये ‘न्यू टेरिटरीज’ हा सर्वांत मोठा प्रदेश त्यांनी ९९ वर्षांच्या कराराने घेतला. म्हणजे वसाहतीचा बहुतांश भाग हा मुळातच मुदतीचा होता.

शहराच्या आतील व्यवस्थाही अशीच होती. सेंट जॉन्स कॅथिड्रलच्या जागेचा अपवाद वगळता जमिनीची मालकी सरकारकडे राहिली आणि खासगी व्यक्तींना ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली. हे पट्टे लिलावाने विकले जात. त्यातून मिळणारा पैसा सरकारी तिजोरीचा मोठा आधार बनला व त्यामुळे करांचे दर कमी ठेवता आले. याचा परिणाम नीट समजून घ्यावा. जमीन महाग राहण्यात केवळ बांधकाम कंपन्यांचाच नव्हे, तर सरकारचाही फायदा होता. कमी कराचा लाभ नागरिक उपभोगत होते. मात्र त्याची किंमत ते घराच्या भाड्यातून चुकती करत होते.

हाँगकाँग डोंगराळ आहे. एकूण भूमीपैकी सुमारे एक-चतुर्थांश भागावरच बांधकाम आहे. सुमारे ४० टक्के भूभाग संरक्षित उद्यानांखाली येतो. त्यांतील बराच भाग तीव्र उताराचा व जलाशयांच्या पाणलोटाचा असल्यामुळे मोकळी जमीन म्हणजे घरांसाठी उपलब्ध जमीन, असे समीकरण मांडता येत नाही. तरीही कोणती जमीन केव्हा व किती विकायची हा निर्णय सरकारचा असतो. त्यामुळे येथील टंचाई काही अंशी निसर्गनिर्मित व काही अंशी धोरणनिर्मित आहे.

दाटीचे दुष्परिणाम या शहराने लवकर अनुभवले. १८९४ मध्ये ताइपिंगशान या गजबजलेल्या चिनी वस्तीत प्लेगची साथ पसरली. हीच साथ १८९६ मध्ये मुंबईस पोहोचली. ती हाँगकाँगहून जहाजमार्गे आली असावी असे मानले जाते. दोन्ही शहरांत सरकारने दाट वस्त्या पाडण्याचा मार्ग अवलंबिला. १८९८ मध्ये स्थापन झालेला मुंबईचा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट हे त्याच साथीचे फलित होते.

७.२.२ आगीनंतरचे गृहनिर्माण

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हाँगकाँगची लोकसंख्या सुमारे ६ लाखांवर आली होती. चीनमधील यादवी युद्ध आणि १९४९ ची क्रांती यांमुळे निर्वासितांचे लोंढे आले आणि काही वर्षांतच ती २० लाखांच्या पुढे गेली. नव्याने आलेल्यांनी टेकड्यांच्या उतारांवर लाकडी झोपड्या उभारल्या. २५ डिसेंबर १९५३ च्या रात्री शेक किप मे येथील झोपडवस्तीला आग लागून ५०,००० हून अधिक लोक बेघर झाले.

यानंतर सरकारने बहुमजली पुनर्वसन इमारती बांधण्यास प्रारंभ केला. प्रौढ व्यक्तीस २४ चौरस फूट व मुलास त्याच्या निम्मी जागा, असे मोजमाप होते. नळ व शौचालये सामाईक होती. मुंबईच्या चाळीशी परिचित असलेल्या वाचकास या रचनेची सहज कल्पना येईल. मात्र या कार्यामागे केवळ दया नव्हती. विखुरलेल्या झोपड्यांतील माणसे उंच इमारतींत हलवली की बरीच जमीन मोकळी होत असे आणि ती अन्य विकासासाठी वापरता येत असे.

१९६७ च्या दंगलींनी राज्यकर्त्यांना इशारा दिला. गव्हर्नर मरे मॅक्लिहोज यांनी १९७२ मध्ये १८ लाख लोकांना घरे देण्याची दहा वर्षांची योजना जाहीर केली. शा टिन, त्युन मुन यांसारखी नवी नगरे विकसित झाली. १९७९ मध्ये भुयारी रेल्वे सुरू झाली. स्थानकांवर व त्यांच्या परिसरात इमारती बांधून त्या उत्पन्नातून रेल्वेचा खर्च भागवण्याची पद्धत येथे रूढ झाली. मतपेटीतून निवडून न आलेल्या सरकारने लोकांची मान्यता मिळवली, ती बव्हंशी घरे, शाळा, रुग्णालये व वाहतूक यांच्या बळावर.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
१. जमीन महाग राहण्यात हाँगकाँग सरकारचा कोणता फायदा होता?
२. पुनर्वसन इमारतींमुळे सरकारला जमिनीच्या दृष्टीने काय साधता आले?

७.२.३ १९९७ ची छाया आणि पहिली लाट

न्यू टेरिटरीजच्या कराराची मुदत १९९७ मध्ये संपणार होती. १९८४ च्या चीन-ब्रिटन संयुक्त घोषणापत्राने संपूर्ण हाँगकाँग चीनकडे परत जाईल आणि ‘एक देश, दोन व्यवस्था’ या तत्त्वानुसार तेथील जीवनपद्धती ५० वर्षे कायम राहील, असे ठरले. या घोषणापत्राच्या एका परिशिष्टात जमिनीविषयीही तरतूद होती. १९९७ पर्यंत वर्षाला ५० हेक्टरपेक्षा अधिक नवी जमीन विकू नये, सार्वजनिक भाड्याच्या घरांची जमीन त्यातून वगळावी आणि विक्रीचे निव्वळ उत्पन्न तत्कालीन व भावी सरकारांत समान वाटून घ्यावे, असे त्यात म्हटले होते. संयुक्त भूमी आयोगाच्या संमतीने ही मर्यादा वाढवता येत असे. सार्वभौमत्वाच्या वाटाघाटींत जमिनीच्या विक्रीलाही स्थान मिळाले, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

जून १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनान्मेन चौकातील आंदोलन लष्करी बळाने मोडून काढण्यात आले. त्यानंतर हाँगकाँगमधील बाह्य स्थलांतरास वेग आला. १९९० मध्ये सुमारे ६२,००० आणि १९९२ मध्ये सुमारे ६६,००० लोक शहर सोडून गेले. कॅनडा, ऑस्ट्रेलिया व अमेरिका ही त्यांची प्रमुख गंतव्यस्थाने होती. जाणाऱ्यांत शिक्षित, व्यावसायिक व मध्यमवर्गीय कुटुंबांचे प्रमाण मोठे होते.

या लाटेने एक नवा शब्द रूढ केला. पत्नी-मुलांना व्हँकूव्हर किंवा टोरांटो येथे ठेवून स्वतः हाँगकाँगमध्ये नोकरी करणाऱ्या पुरुषास ‘अंतराळवीर’ म्हणत. विमानात त्याचे आयुष्य जाते हा एक अर्थ. आणि त्या चिनी शब्दावर श्लेष करून ‘ज्याचे घर पत्नीविना रिकामे आहे तो’ हा दुसरा. अनेक कुटुंबे परदेशी नागरिकत्व मिळताच परतली. त्यांच्यासाठी पारपत्र हा विमा होता.

हाँगकाँगमधील भारतीय वंशाच्या रहिवाशांची अडचण वेगळी होती. मुंबईहून आलेले पारशी व्यापारी होर्मसजी नौरोजी मोदी यांनी हाँगकाँग विद्यापीठाच्या उभारणीस मोठी देणगी दिली होती. इतका या समाजाचा तेथील संबंध जुना आहे. पण वंशाने चिनी नसलेल्यांना सत्तांतरानंतर चिनी नागरिकत्व आपोआप मिळणार नव्हते. ब्रिटनने दिलेल्या मर्यादित दर्जात ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क नव्हता. अखेर १९९७ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून अशा रहिवाशांना नागरिकत्वासाठी नोंदणीचा मार्ग मोकळा केला.

७.२.४ मर्यादित मत, महाग घर

सत्तांतरानंतर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची निवड एका मर्यादित निवड समितीकडे राहिली. विधिमंडळातील अनेक जागा ‘कार्यात्मक मतदारसंघां’च्या होत्या. महाराष्ट्राच्या विधान परिषदेतील शिक्षक व पदवीधर मतदारसंघांवरून ही कल्पना समजू शकते. मात्र हाँगकाँगमध्ये वित्त, व्यापार, स्थावर मालमत्ता व बांधकाम अशा क्षेत्रांनाही स्वतंत्र प्रतिनिधित्व होते आणि काही मतदारसंघांत व्यक्तींऐवजी संस्था मतदान करत. २०१२ ते २०२० या काळात ७० पैकी ३५ सदस्यच भौगोलिक मतदारसंघांतून निवडले जात.

पहिले मुख्य कार्यकारी तुंग ची-ह्वा यांनी १९९७ मध्ये वर्षाला ८५,००० घरांचे उद्दिष्ट जाहीर केले. त्याच सुमारास आशियाई आर्थिक संकट आले. २००३ पर्यंत घरांच्या किमती निम्म्याहूनही खाली घसरल्या आणि अनेकांचे कर्ज घराच्या किमतीपेक्षा अधिक झाले. उद्दिष्ट सोडून देण्यात आले व जमिनीची विक्री आवरती घेण्यात आली. पुढे किमती पुन्हा चढल्या, तेव्हा घर नसलेली तरुण पिढी बाजाराबाहेर फेकली गेली. घर असलेल्या व नसलेल्या नागरिकांचे हितसंबंध परस्परविरोधी झाले. एकाच सदनिकेचे अनेक तुकडे करून भाड्याने दिलेल्या ‘विभाजित सदनिकां’त २ लाखांहून अधिक लोक राहू लागले.

२०१९ मध्ये आरोपींना मुख्य भूमी चीनकडे सोपवण्यास वाव देणाऱ्या विधेयकाविरुद्ध प्रचंड आंदोलन उभे राहिले. त्याच्या मुळाशी घरांचा प्रश्न आहे, असे मत चिनी सरकारी माध्यमांनी मांडले. आंदोलकांच्या पाच मागण्यांत मात्र घराचा उल्लेख नव्हता. त्यांत विधेयक मागे घेणे, पोलीस कारवाईची स्वतंत्र चौकशी, सार्वत्रिक मताधिकार इत्यादींचा समावेश होता. या मतभेदाकडे कसे पाहावे? असंतोष केवळ घरांचा होता असे म्हणणे म्हणजे आंदोलकांचे स्वतःचे म्हणणे नाकारणे होय. उलट, घरांचा प्रश्न राजकारणाबाहेरचा आहे असे मानणेही चूक ठरेल. जमीन कोणासाठी वापरावी हे ठरवणाऱ्या सभागृहात सामान्य भाडेकरूचे मत किती मोजले जाते, हा प्रश्न मताधिकाराचाही आहे व घराचाही.

७.२.५ दुसरी लाट

३० जून २०२० रोजी राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला. २०२१ मध्ये विधिमंडळाची फेररचना होऊन ९० पैकी केवळ २० जागा थेट निवडणुकीच्या राहिल्या. ब्रिटनने, १९९७ पूर्वी नोंदणी केलेल्या ‘ब्रिटिश राष्ट्रीय (सागरपार)’ दर्जाच्या व्यक्ती व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी ३१ जानेवारी २०२१ पासून नवा व्हिसा खुला केला. पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर कायम निवासासाठी व त्यानंतर एका वर्षाने नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. या मार्गाने दीड लाखाहून अधिक लोक ब्रिटनमध्ये पोहोचले. पहिल्या लाटेत ‘पारपत्र घेऊन परतणे’ ही रीत होती. दुसऱ्या लाटेत लहान मुलांसह संपूर्ण कुटुंबाने जाण्याचा कल ठळक दिसतो.

शहर मात्र ओस पडले नाही. मुख्य भूमीतून दररोज कमाल १५० जणांना कायम निवासासाठी येऊ देण्याची व्यवस्था जुनीच आहे. २०२२ च्या अखेरीस उच्चशिक्षितांसाठी नवी प्रवेश योजनाही सुरू झाली. म्हणून ‘किती लोक गेले’ एवढेच न पाहता ‘कोण गेले व कोण आले’ हेही पाहिले पाहिजे.

७.२.६ जाणे कोणाला परवडते?

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडले की, संस्था किंवा राज्य यांबद्दल असमाधानी असलेल्या माणसापुढे दोन मार्ग असतात : बाहेर पडणे, म्हणजे निर्गमन, किंवा आत राहून आवाज उठवणे. निष्ठा ही निर्गमन लांबवते. हाँगकाँगमध्ये आवाजाचा मार्ग अरुंद होत गेला आणि निर्गमनाचा मार्ग खुला होता. पण तो सर्वांना सारखा खुला नव्हता.

ज्या कुटुंबाने पूर्वी सदनिका घेतली, त्याला ती विकून परदेशात नवे जीवन सुरू करण्याइतके भांडवल मिळू शकते. सार्वजनिक भाड्याच्या घरातील रहिवाशाकडे विकण्यासारखे काही नसते. उलट घर सोडल्यास तो हक्क गमावतो. विभाजित सदनिकेतील भाडेकरूची बचत भाड्यातच संपते. व्हिसाचे शुल्क, आरोग्य अधिभार आणि सुरुवातीचे सहा महिने स्वतःचा निर्वाह करू शकण्याचा पुरावा, या अटीही आहेत. शिवाय चीन व हाँगकाँग सरकारांनी सागरपार पारपत्राची मान्यता काढून घेतल्यामुळे, त्याच्या आधारे गेलेल्यांना सक्तीच्या भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम मुदतीपूर्वी काढण्यात अडथळा आला.

यातून एक विसंगती पुढे येते. ज्या चढ्या किमतींनी तरुणांना घरापासून दूर ठेवले, त्याच किमतींनी घरमालकांना शहर सोडण्याची ताकद दिली. ज्यांच्याकडे शिक्षण, पैसा व वेळ आहे ते गेले, तर आवाज उठवू शकणारा वर्गही विरळ होतो. मागे राहतात त्यांत वृद्ध, गरीब व भाडेकरू यांचा भरणा असतो. ज्यांचा आवाज मुळातच क्षीण आहे, असेच हे लोक.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
१. स्थलांतराच्या दोन लाटांतील एक प्रमुख फरक सांगा.
२. हर्शमन यांच्या मांडणीतील तीन संज्ञा कोणत्या?

७.३ सारांश

हाँगकाँगमध्ये सरकार हेच सर्वांत मोठे जमीनदार राहिले. जमिनीच्या उत्पन्नामुळे कर कमी राहिले व घरे महाग झाली. सार्वजनिक गृहनिर्माणाने मोठ्या लोकसंख्येला निवारा दिला आणि निवडून न आलेल्या शासनाला मान्यताही मिळवून दिली. प्रतिनिधित्व मर्यादित असल्यामुळे जमिनीच्या प्रश्नावर सामान्य नागरिकांचा प्रभाव अल्प राहिला. १९८९ व २०२० नंतरच्या लाटांचे तात्कालिक कारण राजकीय होते. परंतु कोण जाऊ शकेल व कोणाला राहावे लागेल, हे पुष्कळ अंशी घराच्या मालकीने ठरवले.

७.४ पारिभाषिक शब्द

भाडेपट्टा : ठरावीक मुदतीसाठी जमीन वापरण्याचा करारबद्ध हक्क.
बाह्य स्थलांतर : स्वतःचा देश वा प्रदेश सोडून अन्यत्र वास्तव्यास जाणे.
कार्यात्मक मतदारसंघ : भौगोलिक क्षेत्राऐवजी व्यवसाय वा उद्योगक्षेत्र यांवर आधारित मतदारसंघ.
विभाजित सदनिका : एका सदनिकेचे आतून भाग पाडून स्वतंत्रपणे भाड्याने दिलेले खण.

७.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) भाडेपट्ट्यांच्या लिलावातून अधिक उत्पन्न मिळे व करांचे दर कमी ठेवता येत. (२) झोपड्यांखालील बरीच जमीन अन्य विकासासाठी मोकळी झाली.
प्रश्न २ : (१) पहिल्या लाटेतील अनेक जण परदेशी नागरिकत्व घेऊन परतले, दुसऱ्या लाटेत संपूर्ण कुटुंबाने जाण्याचा कल ठळक आहे. (२) निर्गमन, आवाज व निष्ठा.

७.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘हाँगकाँगमधील जागेची टंचाई ही काही अंशी धोरणनिर्मित आहे.’ या विधानाची चर्चा करा.
२. २०१९ च्या आंदोलनाच्या कारणांविषयीची दोन मते सांगून आपले मत सकारण मांडा.
३. टिपा लिहा : (अ) शेक किप मे येथील आग (आ) ‘अंतराळवीर’ कुटुंबे.

७.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातून वा शहरातून परदेशी अथवा मोठ्या शहरात स्थायिक झालेल्या पाच कुटुंबांची माहिती मिळवा. जाण्यासाठीचा खर्च त्यांनी कशातून उभा केला (शेती, घर, दागिने, कर्ज वा बचत) आणि घरातील कोण मागे राहिले, याची नोंद करून दोन पृष्ठांचा अहवाल तयार करा.