उकलायला दीड दिवस

केडगावात आमच्या घरामागं पत्र्याची एक शेड आहे. २०२४ च्या मे महिन्यात त्या शेडमध्ये एक अख्खी ओम्नी व्हॅन होती. दीड दिवसानंतर तिथं एक सांगाडा होता, भिंतीला टेकवलेले दरवाजे होते आणि एक गोणी होती. त्या गोणीची गोष्ट पुढं येईलच, कारण मला सगळ्यात जास्त रडवलं ते तिनंच.

व्हॅन सासऱ्यांची. २००४ साली घेतलेली, एमएच-१६ पासिंग. आधी तिनं दुधाचे कॅन वाहिले, मग शाळेची पोरं, आणि अलीकडं बायकोच्या लोणच्यांच्या बरण्या, प्रदर्शन असेल तिथं. मारुतीनं ही गाडी १९८४ मध्ये आणली आणि २०१९ मध्ये बंद केली; मधल्या पस्तीस वर्षांत हिंदी सिनेमातल्या गुंडांनी माणसं पळवायला दुसरी गाडी वापरल्याचं मला तरी आठवत नाही. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळं नगरच्या उन्हाळ्यात ड्रायव्हरला बुडाचा शेक फुकट. पण यंत्र साधं. आणि यंत्र साधं म्हणजे काम सोपं, असा मी हिशेब केला. मी पतसंस्थेत कारकून आहे, हिशेब चुकला तर माझं मला कळायला हवं होतं.

निमित्त पासिंगचं झालं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आमचं एकदा २०१९ ला झालं होतं, आता दुसरी खेप. २०२२ च्या एप्रिलपासून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाची फीच तेव्हा ५,००० रुपये झाली होती, वर पर्यावरण कर. त्यात गाडीचा रंग उडालेला, दरवाजांच्या खालच्या कडा गंजानं खाल्लेल्या. गॅरेजवाल्यानं पूर्ण डेंटिंग-पेंटिंगचे ३८,००० सांगितले. मी घरी येऊन मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले आणि बायकोला म्हणालो, "बारा हजारांत करतो." ती म्हणाली, "अहो, नळाचा वायसर बदलायला तुम्ही दोन रविवार घेतले होते." हे वाक्य मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

पहिली चूक रंग निवडतानाच होणार होती, ती एका फौजी माणसामुळं टळली. भाच्याला घेऊन रणगाडा संग्रहालयात गेलो होतो. १९९४ साली सुरू झालेलं हे संग्रहालय आपल्या नगरची शान आहे. व्हॅलेंटाइन, सेंच्युरियन, आपला विजयंता, पाकिस्तानकडून हाती आलेला पॅटन, सगळे उघड्यावर ऊनपाऊस झेलत उभे. तो मळकट हिरवा रंग बघून भाचा म्हणाला, "मामा, आपली व्हॅन अशी करू!" मलाही पटलं. परत येताना भिंगारला मावशीकडं चहाला थांबलो आणि बोलून गेलो. काका निवृत्त सुभेदार. त्यांनी कप खाली ठेवला. "ऑलिव्ह ग्रीन? दारात मिलिटरी पोलिस बोलवायचेत का?" नंतर मी नियम बघितला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१: संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज दुसऱ्या कुठल्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. एवढंच नाही, आरसीवर रंगाचा रकाना असतो. कुठलाही वेगळा रंग द्यायचा तर आरटीओत नोंद करून घ्यावी लागते, विमा कंपनीला कळवावं लागतं. म्हणून माझं पहिलं सांगणं: हौस कितीही असो, आहे तोच रंग द्या. पांढऱ्याचा पांढरा केला की निम्मे कागद वाचतात.

आता ती गोणी.

गाडी उकलण्यात एक नशा असते. दहाचा पाना, बाराचा पाना आणि एक स्क्रू ड्रायव्हर एवढ्यावर ओम्नी भराभरा सुटत जाते. बंपर, दिवे, आरसे, सीट, मॅटिंग, दरवाजांचे पुठ्ठे, सरकते दरवाजे. एकेक भाग हाती आला की आपण मेकॅनिक झालो असं वाटतं. निघालेले नटबोल्ट मी सिमेंटच्या रिकाम्या गोणीत टाकत गेलो. सगळे. एकाच गोणीत. सरकत्या दरवाजांचे रोलर, काचेची हँडलं, प्लॅस्टिकच्या क्लिपा, वायसर, अर्थिंगच्या वायरींचे बोल्ट, सगळ्यांचा काला. मला वाटलं, जोडताना समोर भोक दिसेल, त्यात बसेल तो बोल्ट त्याचा. पण सारख्याच आट्याचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब बोल्ट आखूड जागी पिळला की पलीकडच्या पत्र्याला टेंगूळ येतं किंवा आतली वायर चिरडते, आणि हे कळतं ते रंग पूर्ण झाल्यावर.

तेव्हा तुम्ही असं करा. किराणा दुकानातून पावशेराच्या पन्नास पिशव्या आणा. एक भाग सुटला की त्याचे बोल्ट एका पिशवीत, पिशवीवर मार्करनं नाव: 'डावा सरकता, खालचा रोलर'. नुसतं 'दरवाजा' लिहू नका, व्हॅनला पाच दरवाजे आहेत. शक्य असेल तिथं बोल्ट त्याच्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवा, त्यासारखी दुसरी नोंद नाही. सोडण्याआधी फोटो, सोडल्यावर फोटो. बिजागरीभोवती पत्र्यावर ओरखडा मारून जागा खुणावून ठेवा, नाहीतर दरवाजा परत बसवताना फट वर बोटभर आणि खाली केसाएवढी असा प्रकार होतो. आणि बॅटरीची वायर सगळ्यात आधी सोडा.

दरवाजे निघाल्यावर खरी गाडी दिसली. मॅटिंगखालचा पत्रा ठिकठिकाणी पापडासारखा झालेला. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला. इथं मी दुसरी मोठी चूक केली. गंज पॉलिश पेपरनं वरवर घासला आणि भोकांवर पोटीन थापली. पोटीन ही पत्र्यावरच्या खळग्यासाठी असते, पत्र्याऐवजी नव्हे. महिनाभरात तिथं फुगे आले. कुजलेला पत्रा कापून नवा जोडावा लागतो, त्याला दुसरा इलाज नाही. आणि हे वेल्डिंग घरी करू नका, अगदी मशीन भाड्यानं मिळत असलं तरी. पेट्रोलची टाकी पत्र्याखालीच असते, आणि भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ कोंडलेली असते. माझी टाकी उतरवून लांब ठेवल्याशिवाय वेल्डरनं कामाला हात लावला नाही. मी त्याला भित्रा समजलो होतो. भित्रा नव्हता, जुना होता.

पोटीनचा आणखी एक धडा. हार्डनर अगदी थोडं घालायचं असतं, शंभर ग्रॅमला दोनेक ग्रॅम. मी उदार हातानं घातलं. बाहेर चाळीसच्या पुढं ऊन, पाटीवरच दगड झाला. दुसऱ्या वेळी बेतानं कालवून लावली, वाळली, आणि पेंटर करतात तसं म्हणून मी पाणी टाकून वॉटर पेपरनं घासली. पोटीन पाणी पिते. ते पाणी आत असतानाच वर प्रायमर मारला की ओल कोंडते आणि पहिल्या पावसाळ्यानंतर गोवर उठल्यासारखे फोड येतात. पोटीन कोरडीच घासायची, आधी ८०, मग १८०. पाणी घ्यायचं ते प्रायमरवर, ४०० आणि ६०० च्या पेपरला.

मागच्या दरवाजाचं जे झालं ते मात्र बघण्यासारखं होतं. मेव्हण्यानं कधीकाळी तो घरच्या खिडक्यांच्या ऑइलपेंटनं, ब्रशनं रंगवला होता. मी त्यावर थिनरमध्ये कालवलेला गाडीचा रंग मारला. पाच मिनिटं आरशासारखा. मग एका कोपऱ्यातून पृष्ठभाग हलायला लागला. तापत्या दुधावरची साय भांडं हलवल्यावर गोळा होते ना, तशी सुरकुती चालत चालत हँडलपर्यंत आली. खालचा ऑइलपेंट थिनरनं उकलत होता. खाली काय रंग आहे हे माहीत नसेल तर चिंधीवर थिनर घेऊन एका कोपऱ्यात घासून बघा. रंग चिंधीला आला किंवा फुगला, तर तो पत्र्यापर्यंत काढल्याशिवाय पुढं जाऊ नका.

रंग मारायचा दिवस मी रविवार निवडला. कॉम्प्रेसर भाड्यानं आणला. शेडला तीन बाजूंनी ताडपत्री, खाली पाणी शिंपडलेलं. चौथ्या बाजूचा विचार मी केला नव्हता. चौथ्या बाजूला शेजाऱ्यांची कांद्याची चाळ. सकाळी अकराला त्यांच्याकडं कांदा निवडायला बायका बसल्या आणि साडेअकराला वारा सुटला. नगरचा मे महिन्यातला वारा ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ओल्या पांढऱ्या रंगावर गुलाबी कांद्याची टरफलं येऊन बसली, एक नाही, शेकड्यानं. मी एक टरफल चिमटीनं काढायला गेलो आणि बोटाचा ठसा उमटवून आलो. तेवढ्यात लाइट गेली. कॉम्प्रेसरचा दाब उतरत गेला तशी गन थुंकायला लागली आणि उजव्या बाजूला ओघळ आले. ते ओघळ बघून भाचा म्हणाला, "मामा, गाडी रडतीये."

यातला विनोद सोडा, एक गोष्ट गंभीर आहे. हार्डनर घालून मारायच्या पीयू रंगात आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. फवाऱ्यातून ती छातीत गेली तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढं थोड्याशा वासानंही उसळतो. मी तोंडाला उपरणं बांधलं होतं. दोन दिवस छाती भरून होती, खोकला थांबेना. कापडी मास्क, करोनातला मास्क, उपरणं, यातलं काहीही या वाफेला अडवत नाही. कार्बनच्या डब्या लावलेला मास्क लागतो, आणि घरच्या शेडमध्ये तोही पुरेसा धरू नये. लेकरं तर आसपासही नकोत. भाचा तिथं उभा होता, हे आठवलं की मला आजही स्वतःचा राग येतो.

शेवटी हात टेकले. सांगाडा आणि दरवाजे टेम्पोत घालून एका पेंटरकडं नेले. त्यांनी बोट फिरवून विचारलं, "हे कांद्याचं डिझाइन कुणाचं?" माझा रंग घासून काढायचे त्यांनी वेगळे पैसे लावले, आणि लावायलाच हवे होते. माझं मत आता पक्कं आहे: उकलणं, धुणं, गंज खरवडणं, प्रायमर घासणं आणि जोडणं ही कामं घरी करावीत, त्यात मजुरी वाचते आणि गाडी कळते. वेल्डिंग आणि शेवटचा रंग ज्याचा त्याला द्यावा.

जोडायला मला सहा आठवडे लागले, शनिवार-रविवार धरून. पुढची काच रबरात बसते. रबराच्या खाचेत गुळगुळीत दोरी फिरवायची, दोन्ही टोकं गाडीच्या आत ठेवायची, साबणाचं पाणी लावायचं, एकानं बाहेरून तळव्यानं काच दाबायची आणि आतल्यानं दोरी ओढत जायची. रबराची कड आपोआप पत्र्यावर चढते. मी घरातली सुतळी घेतली. अर्ध्यात तुटली. काचवाल्यानं येऊन नायलॉनच्या दोरीनं दहा मिनिटांत बसवली.

मग दिव्यांचा खेळ. डावा इंडिकेटर दिला की मागचे लाल दिवे लुकलुकायचे, ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटायचा. दोन वायरमन वायरिंग बदला म्हणाले. दोष वायरिंगचा नव्हताच. अर्थिंगच्या वायरी जिथं उघड्या पत्र्याला कसलेल्या असतात, तिथं आता झकास रंग बसला होता, आणि रंगातून वीज जात नाही. प्रत्येक अर्थिंगच्या जागी रुपयाएवढा रंग खरवडला, वायर कसली, वरून ग्रीस लावलं. दिवे शहाणे झाले. रंगाला नेण्याआधी त्या जागांवर मास्किंग टेप लावला असता तर हे दोन रविवार वाचले असते.

आणि पासिंगच्या दिवशी तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "चासी नंबर कुठंय?" गंज लागू नये म्हणून मी तळाच्या पत्र्याला डांबरासारखा काळा थर दिला होता, आणि त्या थराखाली नंबर गाडला गेला होता. वीस वर्षांच्या गाडीचा चासी नंबर दिसत नाही म्हटल्यावर बघणाऱ्याच्या डोळ्यांत जो संशय येतो, तो त्या दिवशी मी पाहिला. गाडी परत आणली, थिनरमध्ये बुडवलेल्या चिंधीनं तासभर पुसत राहिलो. पेपर किंवा ग्राइंडर तिथं चुकूनही लावू नका. एक आकडा झिजला तरी तुमची स्वतःची गाडी चोरीची ठरू शकते. कामाला हात घालण्याआधी त्या नंबरचा स्वच्छ फोटो काढा, पेन्सिलनं कागदावर छाप घ्या आणि वर टेप चिकटवा.

खर्च सगळा मिळून ४१,००० झाला. गाडी २०२९ पर्यंत पास आहे. गोणीत अकरा बोल्ट उरले, आणि डावा सरकता दरवाजा अजून अर्ध्यावर अडतो, तेव्हा बसायला आलात तर उजवीकडून बसा.