बरडीचा भाव आणि सहा आठवडे

धानाची रोवणी आटोपली, की भंडाऱ्यातली ढोरं बरडीकडे वळतात. सिहार-मोरंडाच्या मातीत धान, मुरमाड बरडीवर गवत, पळस आणि मोह, अशी झाडीपट्टीतली जुनी वाटणी. सातबारा एवढा बारकावा पाहत नाही. तिथे बरडी ‘पोटखराब’ नाहीतर ‘पड’ असते आणि संपादनाची वेळ आली की याच शब्दांमुळे तिचा भाव पडतो.

पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधी यांनी केली. प्रकल्पग्रस्तांचा असंतोष एवढा लांबला, की 2013 मध्ये शासनाला सुमारे 1200 कोटींचे विशेष पॅकेज मंजूर करावे लागले. त्याच वर्षी संसदेने 1894 चा जुना कायदा बाजूला सारून नवा भूसंपादन कायदा केला.

नव्या कायद्याच्या कलम 26 नुसार रेडीरेकनरचा दर आणि आसपासच्या तशाच जमिनींच्या खरेदीखतांची सरासरी यांतला जो आकडा मोठा, तो धरायचा. सरासरीसाठी मागच्या तीन वर्षांतली खरेदीखते घेऊन त्यातली चढ्या भावाची निम्मीच मोजायची. त्या रकमेला गुणक लागतो आणि वर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. म्हणजे गुणक 2 असेल, तर मूळ दरातली एक लाखाची चूक शेवटी चार लाखांना पडते.

रेडीरेकनरमध्ये शेतजमिनीचे दर आकारणीच्या गटांनुसार असतात आणि पोटखराबाला आकारणीच नसते. म्हणून दुरुस्ती मुळापासून हवी. वर्ग ‘अ’ पोटखराब वहितीखाली आणले असेल, तर 2018 च्या नियमदुरुस्तीनुसार ते लागवडीयोग्य क्षेत्रात घेण्यासाठी तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ते, नाले, तलाव यांसाठी राखलेले क्षेत्र. त्याला ही सवलत नाही. खरिपाच्या ई-पीक पाहणीत झाडे, विहीर आणि चालू पड जशी आहे तशी नोंदवावी. कलम 29 प्रमाणे झाडे व विहिरींचे मूल्य वेगळे काढले जाते. नोंदच नसेल, तर दावा लंगडा पडतो.

कलम 21 ची नोटीस आली, की तोंडी गाऱ्हाणे पुरत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयातून शेजारच्या गटांच्या इंडेक्स-2 च्या प्रती काढून लेखी दाव्याला जोडाव्यात. रस्त्यालगतचा तुकडा आणि आतला तुकडा यांतला फरक नकाशावर दाखवावा.

बहुतेकांचा पाय घसरतो तो पैसे घेताना. निमूटपणे रक्कम उचलणाऱ्याला कलम 77 नुसार पुढे वाढीव मोबदला मागता येत नाही. पावतीवर ‘हरकत राखून स्वीकारली’ असे लिहूनच सही करावी. निवाड्याच्या वेळी शेतकरी हजर असेल, तर त्या तारखेपासून सहा आठवड्यांत कलम 64 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा लागतो. तो भूसंपादन प्राधिकरणाकडे जातो आणि तिथला निर्णय न पटल्यास 60 दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन गेली असेल, तर वाट वेगळी: 1956 च्या महामार्ग कायद्याखाली लवादाकडे.

ज्याने अर्जच केला नाही, त्यालाही एक खिडकी उघडी आहे. त्याच अधिसूचनेतल्या शेजाऱ्याला प्राधिकरणाने वाढीव रक्कम दिली, तर त्या निवाड्यापासून तीन महिन्यांच्या आत कलम 73 खाली फेरनिश्चिती मागता येते. त्यासाठी शेजाऱ्याच्या निवाड्याची प्रत मात्र हाताशी हवी.