मतदार यादीत आपले नाव आहे का?



निवडणूक आली की गाड्यांवर कर्णे लागतात, गल्लोगल्ली बैठका होतात आणि कोण येणार, कोण पडणार याची गणिते चहाच्या टपरीवर मांडली जातात. मात्र मतदानाच्या दिवशी काही माणसे ओळखपत्र हातात घेऊन केंद्रावरून तशीच परत येतात. "कार्ड आहे, पण यादीत नाव नाही," असे त्यांना सांगितले जाते. त्या दिवशी कोणाशीही भांडून उपयोग होत नाही. म्हणून निवडणुकीची गडबड नसताना हा विषय आपण शांतपणे समजून घ्यावा, असे आम्हांला वाटते.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करू. मतदान ओळखपत्र म्हणजे मताचा हक्क नव्हे. ते फक्त आपली ओळख पटवते. हक्क मिळतो तो मतदार यादीतील नावामुळे.

नावनोंदणी आणि आपली श्रद्धा

कॅथोलिक चर्चच्या 'कॅटेकिझम'मध्ये (परिच्छेद २२४०) कर भरणे, मताचा हक्क बजावणे आणि देशाचे रक्षण करणे ही नैतिक कर्तव्ये सांगितली आहेत. म्हणजे मतदान ही सवड असेल तर करायची गोष्ट नाही. सर्वांच्या हिताची जी जबाबदारी आपल्यावर आहे, तिचाच तो भाग आहे.

ज्या एकाच यादीत आज आपल्या सर्वांची नावे असतात, तिच्यामागेही इतिहास आहे. ब्रिटिश मुलखात १९३५ च्या कायद्याने भारतीय ख्रिस्ती लोकांसाठी वेगळे मतदारसंघ ठेवले होते. मत देण्याचा अधिकारही मालमत्ता, शिक्षण अशा अटींवर थोड्यांनाच होता. घटना समितीत बंगालचे ख्रिस्ती नेते डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी हे उपाध्यक्ष होते, तर मद्रासकडून निवडून आलेले फादर जेरोम डिसोझा हे येशूसंघीय धर्मगुरू सभासद होते. धर्माच्या नावावर वेगळे मतदारसंघ नकोत, ही भूमिका ख्रिस्ती नेत्यांनी त्या वेळी घेतली. घटनेच्या ३२५ व्या कलमानुसार प्रत्येक मतदारसंघाला एकच सर्वसाधारण यादी असते आणि धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणावरून कोणालाही तिच्यातून वगळता येत नाही. इतक्या विचाराने मिळालेली जागा आपण निष्काळजीपणे रिकामी ठेवावी काय?

कोणाचे नाव लागते?

भारताचा नागरिक, वय १८ पूर्ण आणि त्या मतदारसंघात नेहमीचे राहणे, या तीन मुख्य अटी आहेत. पूर्वी वयाची अट २१ होती. ६१ व्या घटनादुरुस्तीने ती १९८९ पासून १८ वर आली.

अनेकांना अजून वाटते की वयाचा हिशेब फक्त १ जानेवारीला होतो. ऑगस्ट २०२२ पासून वर्षात चार तारखा धरल्या जातात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. शिवाय १७ वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना आगाऊ अर्ज करता येतो. १८ पूर्ण झाल्यावर पुढच्या तारखेच्या हिशेबाने त्यांचे नाव लागते. ज्यांच्या घरी अकरावी-बारावीची मुले आहेत, त्या आईवडिलांनी हे ध्यानात ठेवावे.

कोणता फॉर्म भरायचा?

फॉर्म ६: पहिल्यांदाच नाव नोंदवण्यासाठी.

फॉर्म ७: मृत व्यक्तीचे किंवा चुकून राहिलेले नाव कमी करण्यासाठी.

फॉर्म ८: नाव, वय, फोटो यांतील दुरुस्तीसाठी, पत्ता बदलल्यास, हरवलेल्या ओळखपत्राच्या बदल्यात नवे घेण्यासाठी आणि अपंगत्वाची नोंद करण्यासाठी.

दुसऱ्या मतदारसंघात राहायला गेल्यावरही पूर्वी फॉर्म ६ भरत असत. २०२२ पासून त्यासाठी फॉर्म ८ आहे. हे फॉर्म आपल्या भागाच्या बीएलओकडे किंवा तहसील कार्यालयात देता येतात, तसेच निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरूनही भरता येतात. फॉर्मला पैसे पडत नाहीत. माहितीसाठी १९५० हा फोन क्रमांक आहे.

फॉर्म ६ सोबत फोटो, वयाचा पुरावा व पत्त्याचा पुरावा लागतो. वयासाठी जन्मदाखला, आधार, पॅन, वाहन परवाना, दहावी-बारावीचे प्रमाणपत्र, पासपोर्ट यांपैकी एक चालते. बाप्तिस्म्याचा दाखला या यादीत नाही. म्हणून बाळाचा बाप्तिस्मा होतो त्याच सुमारास ग्रामपंचायतीतील जन्मनोंदही नावासह पूर्ण करून घ्यावी. पुढे शाळेपासून मतदार यादीपर्यंत ती उपयोगी पडते.

गाव सोडून गेलेल्यांचे काय?

लूककृत शुभवर्तमानात आपण वाचतो की नावनोंदणीसाठी योसेफ व मरिया नासरेथहून बेथलेहेमला गेले, कारण योसेफाचे मूळ घराणे तिथले होते. आपला कायदा याच्या उलट आहे. मूळ गाव कोणते हे तो विचारत नाही. आज आपण नेहमी राहतो कुठे, हे तो पाहतो. कोडोलीत घर किंवा शेत नावावर आहे एवढ्यावरून येथे नाव ठेवता येत नाही. उलट, काही दिवस कामासाठी बाहेर गेल्याने नाव जातही नाही. हंगामात ऊसतोडीला आपल्या भागात येणारी कुटुंबे मूळ गावची मतदार राहतात, ती यामुळेच.

पुण्या-मुंबईला संसार थाटलेल्यांनी फॉर्म ८ भरून नाव तिकडे न्यावे. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला घरचा किंवा वसतिगृहाचा पत्ता निवडता येतो. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीत तसेच राहते आणि सासरी लागत नाही, असे पुष्कळदा होते. तेही फॉर्म ८ नेच आणावे. बदली होऊन आलेल्या धर्मभगिनी व धर्मगुरूंनाही हाच नियम आहे.

दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याला मान्य नाही. फॉर्ममध्ये जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. "राहू दे, कधीतरी उपयोगी पडेल," असे म्हणून जुने नाव ठेवू नये.

नावातील घोळ

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या करताना सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे लागू शकली नाहीत. त्यांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' एवढेच सांगितले होते. आपल्या घरांत घोळ निराळा असतो. बाप्तिस्म्याचे नाव एक, शाळेतील दुसरे आणि हाक मारण्याचे तिसरे! एका कागदावर जोसेफ, दुसऱ्यावर योसेफ. आधार, शाळेचा दाखला आणि मतदार यादी या तिन्हींत नाव एकच असावे. स्पेलिंगचा किरकोळ फरक असेल आणि ओळख पटत असेल, तर मतदान नाकारले जात नाही. पण नावच वेगळे असेल तर अडचण येते.

किती निवडणुका, किती याद्या?

२००८ च्या पुनर्रचनेत पन्हाळा हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ राहिला नाही. कोडोली तेव्हापासून शाहूवाडी विधानसभा आणि हातकणंगले लोकसभा मतदारसंघात आहे. या दोन्ही निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे असतात. मात्र तो वेगळी नावनोंदणी करत नाही. विधानसभेचीच यादी ठरावीक तारखेला घेऊन ती प्रभाग, गण व गट यांप्रमाणे विभागली जाते. २०२५ च्या शेवटी सुरू झालेल्या स्थानिक निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्यानंतर ज्यांनी नाव नोंदवले, त्यांना डिसेंबरच्या नगरपालिका निवडणुकीत मत देता आले नाही. ऐनवेळी धावपळ करून भागत नाही, ते असे.

जिल्हा परिषदेच्या वेळी आपल्याला दोन मते असतात, एक गटासाठी व एक गणासाठी. ग्रामपंचायतीत प्रभागात जितक्या जागा तितकी मते. थेट सरपंच निवडायचा असेल तर त्याचे मत निराळे. थेट निवड २०१७ साली आली, २०२० साली रद्द झाली आणि २०२२ साली पुन्हा लागू झाली.

साखर कारखाना, दूध संस्था, विकास सोसायटी यांची मतदानेही आपल्या भागात मोठ्या चुरशीने होतात. पण तेथील यादी सभासदांची असते. तिच्यात नाव आहे म्हणून विधानसभेच्या यादीतही असेल, असे समजू नये.

पदवीधर व शिक्षक बंधुभगिनींसाठी एक वेगळी सूचना. विधान परिषदेच्या पुणे विभाग पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत आपला जिल्हा येतो. त्यांची यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने होते. २०२० साली नाव होते म्हणून पुढच्या वेळी आपोआप येत नाही. पदवीधरांनी फॉर्म १८ आणि शिक्षकांनी फॉर्म १९ पुन्हा भरावा लागतो.

मतदानाच्या दिवशी

ओळखपत्र नसेल पण यादीत नाव असेल, तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेले बँकेचे किंवा पोस्टाचे पासबुक, रोजगार हमीचे जॉबकार्ड असे आयोगाने मान्य केलेले कागद चालतात. घरी येणारी मतदार चिठ्ठी २०१९ पासून ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही.

आपल्या नावावर आधीच कोणी मत दिले असेल तर निमूटपणे परत येऊ नका. केंद्राध्यक्षांना सांगा. ओळख पटल्यास छापील मतपत्रिकेवर 'प्रदत्त मत' देता येते. निकालाचा वाद न्यायालयात गेला तर या मताला महत्त्व येते.

अंध किंवा अशक्त मतदाराला १८ वर्षांवरील सोबती आत नेता येतो. एका सोबत्याला त्या दिवशी एकाच मतदाराची मदत करता येते. लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांवरील मतदार आणि ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेले मतदार यांना घरून मत देता येते. त्यासाठी फॉर्म १२-डी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. या निवडणुकांत कामगारांना पगारी सुट्टीचाही हक्क आहे. त्या दिवसाची मजुरी कापता येत नाही.

मत विकू नका

पैसे, साडी, जेवणावळ घेऊन मत देणे हा देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, दोघांचाही गुन्हा आहे. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे ग्रामपंचायतीच्या पदांसाठी बोली लागल्याचे उघड झाले, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने त्या निवडणुकाच रद्द केल्या. ती रक्कम गावाच्या चांगल्या कामाला वापरू म्हटले तरी लिलाव तो लिलावच. उद्या कोणी "दफनभूमीला कुंपण घालून देतो, तुमच्या समाजाची सगळी मते मला द्या," असे म्हणत आला, तर हे उदाहरण आठवावे. कुंपण हा आपला नागरिक म्हणून हक्क असेल तर तो ग्रामसभेत मागावा. मताच्या बदल्यात तो विकत घेऊ नये.

त्याचप्रमाणे धर्माच्या नावाने मत मागणे हा भ्रष्ट आचार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०१७ च्या निकालात अधिक स्पष्ट केले. प्रार्थनामंदिराचा वापर प्रचारासाठी करण्यास १९८८ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून वेदीवरून किंवा या पत्रकातून कोणाला मत द्या हे सांगितले जाणार नाही, आणि कोणी आमचे नाव घेऊन तसे सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. मत गुप्त आहे. ते आपल्या सदसद्विवेकबुद्धीला स्मरून द्यायचे आहे.

या आठवड्यात करावयाची कामे

१. घरातील प्रत्येकाचे नाव यादीत आहे का ते पाहावे. कार्ड पाहून थांबू नये.

२. १७ पूर्ण झालेल्यांचा फॉर्म ६ भरावा.

३. सून घरी आली असल्यास किंवा कोणी स्थलांतर केले असल्यास फॉर्म ८ भरावा.

४. देवाघरी गेलेल्यांची नावे फॉर्म ७ भरून कमी करावीत, म्हणजे त्यांच्या नावावर दुसरा कोणी मत देणार नाही.

५. आपले नाव वगळण्याबद्दल नोटीस आली तर सुनावणीला जरूर जावे. निर्णय विरुद्ध गेला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

ज्यांना वाचता-लिहिता येत नाही किंवा मोबाईलवरचे जमत नाही, अशी वडीलधारी माणसे आपल्या शेजारीच आहेत. शिकलेल्या मुलामुलींनी रविवारच्या मिस्सेनंतर त्यांच्याजवळ अर्धा तास बसून यादीतील नाव शोधून द्यावे. ही सेवा लहान असली तरी एका माणसाचा पाच वर्षांचा हक्क तिच्यामुळे वाचतो.