हिवाळी पक्षीगणना आणि शेतकरी

पेरलेले क्षेत्र, पडलेला पाऊस आणि हाती आलेले उत्पन्न यांची नोंद ठेवल्यावाचून शेतीचा हिशेब लागत नाही, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. परंतु शेतात वावरणाऱ्या पक्ष्यांची नोंद बहुधा कोणी ठेवीत नाही. पिकांवरील किडी टिपणारा हा वर्ग वाढत आहे की घटत आहे, हे नुसत्या अंदाजाने समजत नाही. त्यासाठी गणनाच करावी लागते.

गणनेची पद्धत

हिवाळ्यात स्वयंसेवकांकडून पक्षी मोजण्याची प्रथा जुनी आहे. अमेरिकेत नाताळच्या दिवशी पक्ष्यांची शिकार करण्याची चाल होती. शिकारीऐवजी पक्षी मोजावेत, अशी सूचना फ्रँक चॅपमन या पक्षिशास्त्रज्ञाने १९०० साली केली. त्या वर्षी अवघ्या २७ जणांनी २५ ठिकाणी गणना केली. आशिया खंडात पाणपक्ष्यांची गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. निफाड तालुक्यातील नांदूर-मधमेश्वरसारखे जलाशय अशा गणनेस विशेष योग्य होत. यांशिवाय फेब्रुवारीच्या मध्यास चार दिवस चालणारी ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही गणना भारतात २०१३ पासून होत आहे. अंगणात, बांधावर किंवा तळ्याकाठी किमान १५ मिनिटे थांबून दिसलेल्या पक्ष्यांची जात व संख्या लिहावयाची, एवढेच तिचे काम आहे.

गणनेचे निष्कर्ष

अशा गणनांच्या व वर्षभर ठेवलेल्या नोंदींच्या आधारे देशातील पक्ष्यांच्या स्थितीचे अहवाल २०२० व २०२३ साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्या अहवालासाठी ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदी उपयोगी पडल्या. ज्या ३३८ जातींचा दीर्घ मुदतीचा कल काढता आला, त्यांपैकी २०४ जाती घटलेल्या, ९८ स्थिर आणि ३६ वाढलेल्या आढळल्या. मोर, पारवा व कावळा यांची संख्या वाढली आहे. उलट, माळरानावर व उघड्या रानात राहणारे पक्षी अधिक घटले आहेत.

अंदाज आणि गणना यांत किती अंतर पडते, हे दोन उदाहरणांवरून ध्यानी येईल. चिमणी नाहीशी झाली, अशी हाकाटी सर्वत्र ऐकू येते. परंतु २०२० च्या अहवालानुसार मोठ्या शहरांत ती घटली असली, तरी देशाचा एकंदर विचार करता तिची संख्या सुमारे २५ वर्षे जवळजवळ स्थिर राहिली होती. नीलकंठाविषयी मात्र कोणी फारशी तक्रार केली नव्हती. दसऱ्यास ज्याचे दर्शन शुभ मानतात आणि जो नाकतोडे व भुंगेरे टिपून शेतकऱ्याचे काम हलके करतो, तो हा पक्षी दीर्घ मुदतीत सुमारे ३० टक्के किंवा त्याहून अधिक घटल्याचे २०२३ च्या अहवालात दिसून आले. तारेवर अधूनमधून एखादा नीलकंठ दिसत असल्याने ही घट डोळ्यांना जाणवली नाही. ती आकड्यांनी दाखवून दिली.

आकडे वाचताना घ्यावयाची काळजी

एका वर्षाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. पाऊस चांगला झाला म्हणजे गावोगावची तळी भरतात व बदके त्यांवर विखुरतात. साहजिकच मोठ्या जलाशयावरील संख्या त्या वर्षी कमी भरते. ती खरी घट नव्हे. म्हणून दर वर्षी तीच जागा, तीच वेळ व तीच पद्धत ठेवावी. एखादा नेहमीचा पक्षी दिसला नाही, तर तीही नोंद महत्त्वाची समजावी.

तसेच मित्र आणि शत्रू असा भेद गणनेत करू नये. भोरड्या ज्वारीच्या कणसांवर तुटून पडतात, ही तक्रार खरी आहे. परंतु हाच पक्षी टोळ व नाकतोडेही खातो. चीनच्या शिंच्यांग प्रांतात टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून त्याच्यासाठी मुद्दाम घरट्यांची सोय करण्यात आली.

गावात काय करता येईल

१. हरभऱ्याच्या शेतात इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचे पक्षिथांबे उभारावेत. त्यांवर बसून कोतवाल व साळुंकी घाटेअळ्या वेचतात.

२. बांधावरील जुनी, ढोलीची झाडे तोडू नयेत. नीलकंठ अशा ढोलीतच घरटे करतो.

३. किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्याखेरीज कीटकनाशक फवारू नये.

४. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेतील मुलांना बरोबर घेऊन एक बांध व एक तळे निवडावे आणि दर फेब्रुवारीत तेथील पक्षी मोजून ठेवावेत. वहीत तारीख, वेळ, जागा, जात व संख्या एवढे रकाने पुरेत. पक्ष्याचे नाव ठाऊक नसल्यास गावात रूढ असलेले नाव लिहून ठेवावे व जाणकारास विचारून नंतर खात्री करून घ्यावी.

पाच-सात वर्षांनी ही वही चाळली, म्हणजे आपल्या शिवारातील कोणता सोबती टिकून आहे आणि कोणता हळूहळू नाहीसा होत आहे, हे गावास स्वतःच्या आकड्यांवरून कळेल. घट वेळीच कळली, तर उपाय करण्यास अवसर राहतो. म्हणून या कामाचा आरंभ येत्या फेब्रुवारीतच करणे श्रेयस्कर होय.