प्रमाणपत्रांची जाहीर नोंदवही

संकेतस्थळाचे प्रमाणपत्र म्हणजे त्याच्या ओळखीचा दाखला. परंतु दाखला देणारी संस्थाच फसली तर? २०११ साली नेदरलँड्समधील डिजिनोटार या संस्थेच्या संगणकांत घुसखोरी होऊन गूगलच्या नावे बनावट दाखले निघाले. त्यांच्या आधारे इराणमधील गूगल-वापरकर्त्यांवर पाळत ठेवली गेली. पुढे दाखल्यांच्या जाहीर नोंदवहीची पद्धत आली. तीतील नोंद गुपचूप खोडता येत नाही. क्रोम तर २०१८ पासून नोंद नसलेला नवा सार्वजनिक दाखला मानीतच नाही.

ही वही कोणासही विनामूल्य पाहता येते, हे मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. ‘सीआरटी डॉट एसएच’ येथे आपल्या कार्यालयाच्या संकेतस्थळाचे नाव घालावे. अनोळखी दाखला दिसल्यास प्रथम संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांस विचारावे; त्यांनीही तो मागितला नसेल, तर देणाऱ्या संस्थेस कळवून रद्द करून घ्यावा.